बारा सेकंदांचा पट

अमेरिकेत ड्रॅग रेसिंग नावाचा मोटारींच्या शर्यतीचा एक प्रकार आहे. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि हिरवा दिवा लागला की नाकासमोर सरळ सुटायचे. वळण नाही, फेऱ्या नाहीत. पूर्वी अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असे. सर्वांत वेगवान वर्गासाठी ते २००८ पासून हजार फुटांवर आणले आहे. या मोटारी तेवढे अंतर चार सेकंदांच्या आत कापतात. आपण तंबाखूची चिमूट मळून तोंडात टाकेपर्यंत शर्यत संपलेली असते. एका मित्राच्या मोबाईलवर मी हा प्रकार प्रथम पाहिला, तेव्हा मनात आले की हा तर आपला शंकरपट! फक्त बैल नाहीत.

लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा मोटारी धावल्या आहेत. पण औशाच्या माणसाला त्याचे काय? आपल्याला बैल कळतो.

या शर्यतीच्या प्रक्षेपणात मला एक मोठी गंमत वाटते. चार सेकंदांची शर्यत दाखवायची आणि कार्यक्रम तर तासन् तास चालवायचा. मग मधल्या वेळात काय दाखवणार? माणसे दाखवतात. चालकाची मुलाखत, त्याची बायको, त्याचे मेकॅनिक, त्याच्या मोटारीवर नाव रंगवलेली कंपनी. पण ही सगळी माणसे व्यावसायिक वर्गातली. त्याच मैदानावर हौशी लोकही शेकड्यांनी येतात. स्वतःच्या हाताने जुळवलेली मोटार घेऊन, पदरचे पैसे खर्चून येतात. त्यांच्या वर्गाला तिथे ‘स्पोर्ट्‌समन’ म्हणतात. तेही सकाळपासून धावत असतात, पण दूरदर्शनच्या मुख्य कार्यक्रमात त्यांच्या वाट्याला फार थोडे येते. चार सेकंदसुद्धा नाहीत.

आता आपल्याकडे या. बैलांच्या शर्यतीचे महाराष्ट्रात एक रूप नाही. पुणे जिल्ह्यात घाट असतो, गाड्यापुढे घोडी पळते आणि एकेक बारी घड्याळावर मोजतात. सातारा-सांगलीकडे आखलेल्या पट्ट्यांतून अनेक जोड्या एकदम सुटतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल. विदर्भात आणि आपल्या मराठवाड्यात शंकरपट. पद्धत कोणतीही असो, सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा खेळ थांबला. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयात ती अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती कायम केली. नियम कडक आहेत. अंतर हजार मीटरच्या आत, काठी-चाबूक चालत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे ५०,००० रुपये अनामत ठेवावी लागते. आणि संपूर्ण शर्यतीचे चित्रीकरण करून ते सादर करावे लागते. म्हणजे कॅमेरा ही आता पटावरची चैन राहिली नाही. बैलाला त्रास दिला की नाही, याचा तो साक्षीदार आहे. मला हा नियम मनापासून पटतो. शेपटी चावणारे आणि खिळ्याची पराणी टोचणारे लोक आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

पण वृत्तवाहिन्यांचा कॅमेरा वेगळ्याच कामासाठी येतो. परवानगी मिळाली त्या दिवशी गुलाल आणि फटाके दाखवले. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी यंत्राचे होते, तेव्हा जेसीबी दाखवला. पुढे थार गाडी आली, तेव्हा थार. गाडा गर्दीत घुसला तर तेही दिवसभर दाखवतात. बैल मात्र पडद्यावर पळून जातो तेवढाच.

याउलट मोबाईलवर थेट प्रक्षेपण करणारी आपली पोरे! त्यांच्यावर प्राध्यापक मंडळी नाराज असतात, पण मला ती आवडतात. सकाळी आठला सुरू करतात ते दिवस मावळेपर्यंत. बांबूच्या मचाणावर एक जण, ड्रोन उडवायला एक जण. समालोचक प्रत्येक जोडीचे नाव घेतो, बैलाचे, मालकाचे, गावाचे. ज्याचे नाव सातबाऱ्याखेरीज कुठे लागले नाही, त्याचे नाव भोंग्यावरून चार गावांना ऐकू जाते. तरी अलीकडे तिथेही फरक पडू लागला आहे. ‘बकासुर’सारखा नावाजलेला बैल उतरला की बघणाऱ्यांचा आकडा चढतो, आणि आकडा चढतो तिकडे कॅमेरा वळतो. हौशी गट चालू असताना पोरे जेवून घेतात.

आमचे अण्णा चौथी शिकलेले. कॉलेजची पायरी चढणारा घरात मी पहिला. शेत तीन एकर, सोयाबीनचे. अण्णांच्या उमेदीत पटावर पळणारा बैल वेगळा नसे. आठवडाभर कुळव ओढायचा आणि जत्रेच्या दिवशी शिंगे रंगवून पळायचा. आता पळणाऱ्या बैलाच्या मानेवर कुळवाचे जू कुणी ठेवत नाही. त्याला दूध, अंडी, पोहायला तळे आणि ने-आण करायला टेम्पो. आपल्या भागातले देवणी आणि लाल कंधारी ओढकामाचे, म्हणून ते पडद्यावर फारसे नाहीत. पडद्यावर खिल्लार.

असाच एक खिल्लार गोऱ्हा अण्णांनी हौसेने पाळला होता. सोन्या. आदत होता, म्हणजे दुधाचे दात अजून पडले नव्हते. गेल्या वर्षी शेजारच्या गावी पट झाला. शेजाऱ्याच्या बैलाशी सावड करून अण्णांनी जोडी उतरवली, हौशी गटात. चुलतभावाने मोबाईलवर चित्रीकरण केले. मोबाईल उभा धरलेला, एका कोपऱ्यात त्याचे बोट आलेले, आणि “आरं सोन्या, आरं सोन्या” हा त्याचाच ओरडा. सगळे मिळून बारा सेकंद. जोडीचा दुसरा नंबर आला, ढाल मिळाली. ते चित्रीकरण कुणाकडून कुणाकडे गेले देव जाणे. पंधरा दिवसांनी पश्चिमेकडून चार माणसे जीप घेऊन दारात हजर.

त्यांनी आधी बैल पाहिलाच नाही. आधी मोबाईल काढला. तीच बारा सेकंदे दहा वेळा थांबवून थांबवून पाहिली. पुढचा पाय कुठे पडतो, मान कुठे जाते, शेवटच्या पंचवीस फुटांत दम किती. मग गोठ्यात गेले. एक लाख ऐंशी हजार म्हणाले. आमच्या घरात एवढे पैसे एका वेळी कुणी पाहिले नव्हते. सोसायटीचे कर्ज होते, बहिणीची नर्सिंगची फी होती, माझीही होती. आई एवढेच म्हणाली, “पोळ्यापतूर तरी ऱ्हाऊ द्या.” ते थांबायला तयार नव्हते. अण्णांनी कासरा हातात दिला आणि मोबाईल नंबर मागून घेतला. बैल विकताना घेणाऱ्याचा नंबर ठेवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

हिवाळ्यात चुलतभावाने शोधून काढले की सोन्या एका मोठ्या मैदानात उतरणार आहे. नाव बदलले होते, ‘रायफल’. त्या दिवशी अण्णा रानात गेले नाहीत. तांब्याला मोबाईल टेकवून सकाळी दहापासून ओसरीवर बसले. जाहिराती झाल्या, पुढाऱ्यांचे सत्कार झाले, बक्षिसाच्या मोटारीभोवती ड्रोन तीनदा फिरला. आईने दोनदा ताट आणले, दोनदा परत नेले. चार वाजता गट लागला. सहा जोड्या, धूळ, आरडाओरड. मला तर आमचा कोणता तेही ओळखता येईना. समालोचकाने दुसऱ्याच जोडीचे नाव घेतले आणि चित्र विजेत्याच्या गुलालाकडे गेले.

“दिसला का?” मी विचारले.

“दिसला की,” अण्णा म्हणाले. “डावीकडं जुपालेत त्याला. उजवीचा हाय त्यो. मान वाकडी पडालीय त्याची.”

मग खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. “लाव बरं फोन त्यानला.”

मी लावला. घंटा वाजत राहिली. मैदानावर एवढा भोंगा, कुणाला ऐकू जाणार? मी तसे म्हणालो.

“पुन्ना लाव,” अण्णा म्हणाले.