वरळीचा बेडूक आणि आपली विहीर

करी रोड हे नाव आपल्या खेड्यापाड्यांना नवे नाही. कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून गेलेल्या माणसांनी तेथल्या कापडगिरण्या चालविल्या. कोणाचा काका, कोणाचा मामा लालबाग-परळच्या चाळीत राहिला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. तरीही गणपतीला, लग्नकार्याला किंवा परळच्या इस्पितळांत दाखवायला आपली माणसे तेथे उतरतातच. अशा वेळी एखादा दिवस मोकळा मिळाला, तर मुलांना राणीच्या बागेबरोबर आणखी एक गोष्ट दाखवावी. ती म्हणजे मुंबईचा दगड. या दगडाची ओळख झाली, की आपल्या गावच्या विहिरीचीही ओळख नव्याने पटते.

बेटाची घडण

मुंबई पूर्वी सात बेटांची होती. पश्चिमेला मलबार हिलपासून वरळीपर्यंत टेकड्यांची एक ओळ आणि पूर्वेला डोंगरी, माझगाव, शिवडीकडे दुसरी ओळ. मधला भाग सखल. भरतीचे पाणी पश्चिमेच्या खिंडीतून आत येई. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळी-महालक्ष्मीकडे बांध घालून ते अडविले गेले. करी रोड या दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात येते.

टेकड्या ज्या खडकाच्या आहेत तो ज्वालामुखीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर आला, पसरला आणि थिजला. असे थरावर थर साचून आपला सह्याद्री व देशावरचे पठार झाले. आपली काळी जमीन याच खडकाची झीज होऊन बनली. कोकणातला जांभाही बहुतांशी त्याचाच अवतार. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्याचे थर मात्र पठाराच्या थरांहून थोडे उशिराचे आहेत.

दोन थरांच्या मधले तळे

लाव्हारस काही रोज वाहत नव्हता. एक थर थिजला की पुढचा येईपर्यंत कधी कधी हजारो वर्षे जात. तेवढ्या काळात खडकाची माती होई, झाडे उगवत, खोलगट जागी पाणी साचून तळी होत. मग पुन्हा लाव्हारस येई आणि सारे झाकून टाकी. तळ्याचा गाळ खाली दबून त्याचाच दगड होई. त्यात सापडलेले शंख, हाडे, पाने यांचे ठसे म्हणजेच जीवाश्म.

करी रोडच्या पश्चिमेला दोन-तीन किलोमीटरवर वरळीची टेकडी आहे. तेथे काळ्या खडकाखाली असाच गोड्या पाण्याच्या तळ्याचा गाळ दबलेला होता. एकोणिसाव्या शतकात तेथल्या खोदकामात लहान लहान बेडकांचे सांगाडे दगडात सापडले. लंडनच्या रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले व त्यांना ‘राना पुसिला’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘पुसिला’ म्हणजे चिमुकली. पुढे १९३० मध्ये या बेडकाला ‘इंडोबॅट्रॅकस’ हे नाव मिळाले. त्याच थरात गोड्या पाण्यातले कासवही सापडले. मुंबईच्या खडकांचा अभ्यास करणाऱ्या कार्टर या डॉक्टराने १८५२ मध्ये त्याची नोंद केली.

समुद्राला लागून असलेल्या टेकडीत गोड्या पाण्याचे प्राणी कसे? उत्तर सोपे आहे. तो गाळ साचला तेव्हा त्या जागी समुद्र नव्हता, तळे होते.

पूर्वेच्या बाजूलाही नवल घडले. १८८० मध्ये सुरू झालेली प्रिन्सेस गोदी खणत असताना चिखलाखाली खैराच्या झाडांचे बुडालेले रान लागले. पावणेचारशेहून अधिक झाडे होती व बरीचशी मुळांवर उभीच होती. ही लाकडे दगड झालेली नव्हती, ती बेडकांच्या मानाने अगदी अलीकडची. पण खैर काही समुद्रात उगवत नाही. म्हणजे जेथे पुढे बोटी लागल्या, तेथे पूर्वी कोरडी जमीन होती.

आज काय पाहावे?

वरळीचा तो गाळाचा थर आता बहुतेक इमारती, रस्ते व भरावाखाली गेला आहे. बेडूक शोधायला जाऊ नये, तो मिळणार नाही. खडक मात्र पाहता येतो. वरळी कोळीवाड्याच्या बाजूला ओहोटीच्या वेळी काळे कातळ उघडे पडतात. भरती-ओहोटीची वेळ कोळी बांधवांना विचारूनच जावे. पावसाळ्यात खडकांवर उतरू नये.

पश्चिम रेल्वेने अंधेरीला गेलात, तर गिल्बर्ट हिल पाहावी. सुमारे दोनशे फूट उंचीचा हा सुळका उभे खांब एकमेकांना चिकटवून ठेवल्यासारखा दिसतो. लाव्हारस थंड होताना आकसला व त्याला उभ्या चिरा पडल्या, म्हणून हे खांब झाले. वर गावदेवीचे देऊळ आहे.

करी रोडहून गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात, तर इमारतीच्या भिंती जवळून पाहा. कोरीव कामासाठी सौराष्ट्रातून आणलेला पोरबंदरचा फिकट दगड वापरलेला आहे. तो लाव्हारसाचा नव्हे, चुन्याचा. समुद्रातल्या अतिसूक्ष्म जीवांची कवचे त्याच्या कणाकणांत आहेत.

विहिरीत काय दिसते?

आता आपल्या गावाकडे वळू. विहीर खणताना प्रत्येक थराला डोके आणि पोट असते. डोके म्हणजे मांजऱ्या खडक. लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांनी त्याला भोके पडलेली असतात व भोकांत पांढऱ्या-हिरव्या गारगोट्या भरलेल्या असतात. पोट म्हणजे पक्का काळा पाषाण. पाणी बहुधा मुरमात, भेगाळलेल्या कातळात आणि मांजऱ्यात मिळते. बिनभेगांच्या पाषाणात फारसे मिळत नाही. दोन थरांच्या मध्ये कधी तांबडा गेरूचा पट्टा लागतो. ती जुनी माती, वरून आलेल्या लाव्हारसाने भाजलेली.

जीवाश्म पाहायचा तर तोही दोन थरांच्या मध्येच पाहावा. पाषाणाच्या पोटात तो मिळत नाही. करड्या, पांढुरक्या, पापुद्रे सुटणाऱ्या किंवा गारेसारख्या कठीण दगडाच्या पट्ट्यावर नजर ठेवावी. नागपूर भागात अशा दगडांत ‘फायसा’ नावाचे गोड्या पाण्यातले शंख सापडतात. त्याची खूण अशी: टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले, तर ते डाव्या हाताला येते. बहुतेक शंखांचे ते उजवीकडे असते. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे तर दगड झालेली झाडांची खोडेच जतन केली आहेत.

काही गोष्टी फसवितात. दगडाच्या चिरेत शेवाळासारखी काळी नक्षी दिसते, ती वनस्पती नव्हे, खनिजाची असते. मांजऱ्यातले गोल गोटे अंडी नव्हेत, गारगोट्या आहेत.

सापडले तर काय करावे?

वरळीचे बेडूक जगाला कळले, कारण हाताने खोदकाम होई आणि पाहणारा कोणीतरी जवळ होता. आज पोकलेन एका दिवसात पंधरा-वीस फूट खाली जाते व मलबा बांधावर पडतो. पाहायला कोणाला सवड नसते. म्हणून एवढे करावे:

१. शंख, हाड किंवा पानाचा ठसा दिसला तर तो फोडू नये, घासून धुऊ नये.

२. किती फुटांवर, कोणत्या दगडात सापडला हे लगेच वहीत लिहावे. मोबाईलवर फोटो काढताना शेजारी नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो.

३. तुकडा कागदात गुंडाळून त्यावर गाव व गट नंबर लिहावा.

४. जवळच्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाला, किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पुणे वा नागपूरच्या कार्यालयाला कळवावे.

५. कोणी विकत मागितला तर देऊ नये. कोठला, किती खोलीवरचा हे हरवले की तो नुसता दगड उरतो.

थरांची ही नोंद पाण्यासाठीही उपयोगी पडते. शेजाऱ्याच्या विहिरीत मांजऱ्या किती फुटांवर लागला, गेरू कोठे लागला, हे लिहिलेले असेल, तर आपली विहीर खणताना किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला विचारताना अंदाज बांधता येतो. गावात पुढची विहीर खणली जाईल तेव्हा मुलांना काठापासून दूर, सावलीत बसवून निघालेल्या दगडांचे ढीग थराप्रमाणे वेगळे लावायला सांगावे. शाळेच्या कपाटात त्यांचे एकेक नमुने ठेवले, तरी गावाचे छोटे संग्रहालय तयार होईल.