मुंबईत महिनाभराचे बिऱ्हाड

वाचकहो, कृषी विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडताना लोक मला बहुधा खतांविषयी आणि कीड-रोगांविषयी विचारतात. पण अलीकडे बांधावर बसल्या बसल्या आणखी एक प्रश्न वारंवार कानी येतो. "साहेब, घरातल्या माणसाला मुंबईला न्यायचंय, टाटाला. तिथं महिनाभर राहायचं कुठं?" डॉक्टर कोण, खर्च किती, हे प्रश्न त्यानंतरचे. आमच्या घरीही हा प्रश्न २०२५ च्या दिवाळीनंतर येऊन उभा राहिला. तेव्हा जे पाहिले, केले, ते आपल्या उपयोगी पडावे म्हणून आज शेती बाजूला ठेवून बिऱ्हाडाविषयी लिहितो.

आमच्या सातारा जिल्ह्याला मुंबई नवी नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांत आमच्याकडची कितीतरी माणसे राबली. घरटी एखादा काका, मामा मुंबईला असायचाच. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा माणसे निजत, तिथे अकराव्याचीही पथारी पडायची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर हळूहळू ते गिरणगावच ओसरले. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, काका-मामा कल्याण, विरार, नाही तर परत गावी गेले. काही गावांच्या गावकीच्या खोल्या अजून तिथे आहेत. आपल्या गावची असेल तर पहिली चौकशी तिथेच करावी. पण आजारी माणसाला, त्यातून बाईमाणसाला, तिथे राहणे जमेलच असे नाही.

माझ्या वहिनींना कॅन्सरचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली आणि पुढे किरणोपचार सांगितले: आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे. थोरल्या बंधूंचा ऊस तोडीला आलेला. टोळी दारात उभी आणि घरात हे दुखणे. म्हणून ठरले की दादांनी शनिवार-रविवार यायचे आणि मधले दिवस मी रजा काढून व आमची पुतणी, अशी पाळी लावायची. माणसांची सोय झाली. राहिले ते छप्पर.

पहिली गोष्ट सांगतो. भाड्याच्या जागेकडे वळण्याआधी दोन दारे जरूर ठोठवा. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. तिथे आपली परिस्थिती मोकळेपणाने सांगावी. राहण्याची आणि सरकारी योजनांची माहिती तिथे मिळते. दुसरे दार धर्मशाळांचे. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. ज्यांनी ही कामे उभी केली त्यांचे उपकार फिटण्यासारखे नाहीत. मात्र देशभरातून माणसे येतात आणि खोल्या मोजक्याच. आमचा नंबर लागेपर्यंत उपचार थांबणार नव्हते, म्हणून सामानासह भाड्याची जागा पाहणे आले.

त्याआधी आणखी एक खात्री करून घ्या. टाटा म्हटले की आपल्याला परळ आठवते. पण याच संस्थेचे दुसरे मोठे केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे आणि काहींचे उपचार तिकडे ठरतात. पेरणीआधी शेत कोणते ते तरी ठाऊक हवे! रोजचे उपचार नेमके कुठे, हे कागदावर पाहून मगच जागा शोधावी.

आमचे उपचार परळलाच होते. दलालाने तीन जागा दाखवल्या. पहिली कल्याणला. दोन खोल्या, वारा, उजेड आणि भाडे सगळ्यांत कमी. दुसरी प्रभादेवीच्या बाजूला, रेल्वेच्या पश्चिमेस. नवी इमारत, उद्वाहन म्हणजे लिफ्ट, सगळे झकपक. तिसरी परळ गावातच, रुग्णालयाच्या बाजूच्या गल्लीत. जुनी इमारत, तळमजला, एक खोली आणि स्वयंपाकघर, खिडकीतून समोरची भिंत.

दादा म्हणाले, "आरं, कल्याणच बरं. भाडं निम्म्यानं कमी हाय. बाकीचं पैसं औषधाला हुतील."

यात काही वावगे नव्हते. शेतकरी माणूस दर आधी विचारणारच. पण मी कागद घेतला आणि एक हिशेब मांडला. पाच आठवड्यांचे दिवस पंचवीस. जाऊन-येऊन फेऱ्या पन्नास. कल्याणहून दादरपर्यंत जलद गाडीनेही तासाभराचा प्रवास, तोही सकाळच्या गर्दीत. म्हणजे उभ्या गाडीत, धक्के खात, आजारी बाईने पन्नास वेळा तो प्रवास करायचा. दुसरी जागा नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते. पण मध्ये रेल्वे आहे. पूर्व-पश्चिम जोडणारा जुना एल्फिन्स्टनचा रस्ता-पूल सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या बांधकामासाठी बंद झाला. त्यामुळे वाहनाला करी रोडकडून किंवा दादरच्या टिळक पुलावरून वळसा, आणि पायी जायचे तर रेल्वेच्या पादचारी पुलाच्या पायऱ्या; चढउतार पन्नास वेळा.

मी वहिनींना म्हटले, "वहिनी, चालायचे तुम्हाला आहे. तुम्ही सांगा."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, मला जिन्याचीच धास्ती वाटतीया. ती गल्लीतली खोली अंधारी हाय, पण माझ्या पायांनी जाऊन येता येईल. कुणाच्या खांद्यावर जायची पाळी नको." दादा पुढे काही बोलले नाहीत. तिसरी जागा ठरली.

वाचकहो, या सगळ्यातून सांगायचे आहे ते एवढेच: अशा वेळी भाडे रुपयांत मोजू नका, रोग्याच्या पावलांत मोजा. पहिल्या आठवड्यात वहिनी दहा मिनिटांत पोहोचत. माझ्याशी ऊसतोडीच्या गोष्टी करत चालत. चौथ्या आठवड्यात त्याच वाटेला अर्धा तास लागे. एका दुकानाच्या पायरीवर आणि एका झाडाच्या कट्ट्यावर, अशा दोन बैठका ठरून गेल्या होत्या. त्या दिवसांत कल्याणची गाडी पकडायची असती तर काय झाले असते, हे दादांनी एका रविवारी स्वतः सोबत चालून पाहिले. परत आल्यावर त्यांनी काही न बोलता तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

आता जागा पाहताना काय पाहावे ते सांगतो. शेत घेताना आपण पाणी, वाट आणि शेजार पाहतो. इथेही तेच पाहायचे. मुंबईतल्या पुष्कळ इमारतींत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. ती वेळ कोणती आणि साठवणीला टाकी आहे का, हे विचारावे. शौचालय खोलीतच आहे ना, ते रोग्याच्या गुडघ्यांना झेपेल असे आहे ना, तेही पाहावे. शीतकपाट चालू आहे का ते प्लग लावून पाहावे, कारण काही औषधे थंड ठेवावी लागतात. पावसाळ्यात जाणार असाल तर तळमजला घेण्याआधी आजूबाजूच्या दुकानदाराला विचारावे की इथे पाणी भरते का. परळ-दादरमधला हिंदमाताचा भाग मोठ्या पावसात तुंबण्याबद्दल प्रसिद्धच आहे. जशी पाणथळ जमीन, तशीच ती जागा.

स्वयंपाकघर मात्र हवेच. सामानासह जागा घेण्याचा खरा फायदा तोच. आम्ही गावाहून ज्वारीचे पीठ, मूग आणि घेवडा नेला होता. तोंडाला चव नव्हती तेव्हा खाणावळीचे ताट वहिनींनी परत केले असते. घरच्या मऊ भाताचे मात्र चार घास पोटात जात. पाणी उकळूनच द्यायचो. बरे वाटेल त्या दिवशी त्या स्वतः उठून भाकरी थापत. आपण अजून घरच्या आहोत, नुसते रोगी नाही, हे त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

व्यवहार लेखी करा. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे जागा वापरायला देण्याचा करार लेखी असावा लागतो, त्याची नोंदणी व्हावी लागते आणि ती जबाबदारी जागामालकाची आहे. "थोड्या दिवसांसाठी कशाला कागद?" असे कोणी म्हणाले तर सावध व्हावे. करारात भाडे, अनामत आणि ती कधी परत मिळणार हे असावे. उपचार लांबले तर त्याच दराने आठवडा-आठवडा मुदत वाढेल, हे वाक्य आवर्जून घालून घ्यावे. दुखण्याला तारीख कळत नाही. दलालाची दलाली किती आणि ती कोणी द्यायची हेही आधीच ठरवावे. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फोनवरून एक पैसाही पाठवू नये.

ताबा घेताना सामानाची यादी करावी: पलंग, गादी, पंखे, शेगडी, भांडी. काय फुटके, काय मोडके तेही लिहावे आणि मोबाइलवर छायाचित्रे काढून मालकाला त्याच वेळी पाठवावीत. विजेच्या मीटरचा आकडा टिपून ठेवावा. मुंबई शहर भागात बसही बेस्टची आणि वीजही बेस्टचीच. आम्ही निघताना मालकाने एका तडा गेलेल्या बादलीचा विषय काढला. यादीत ती पहिल्या दिवसापासून तडा गेलेलीच होती. अनामत पुरी परत मिळाली.

आता फिरण्याविषयी. आपल्या माणसाला मुंबईत पहिला धक्का बसतो तो हा, की परळ-दादरला रिक्षा नसते. रिक्षा उपनगरात, वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडे. अलीकडे काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६ रुपये झाले. मीटर टाकायला सांगून मगच बसावे. बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ पासून १० रुपये आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये झाले. घाई नसेल तर बससारखे स्वस्त आणि सुरक्षित वाहन नाही.

लोकलचे तीन मुख्य मार्ग ध्यानात ठेवा: मध्य, पश्चिम आणि हार्बर. परळ स्टेशन मध्य मार्गावर, तर त्याला पुलाने जोडलेले प्रभादेवी पश्चिम मार्गावर. धिमी गाडी सगळीकडे थांबते, जलद गाडी मोजक्या ठिकाणी. परळला जायचे तर धिमी पकडावी, किंवा जलद गाडीने दादरला उतरून गाडी बदलावी. सकाळी आठ ते अकरा शहराकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उपनगराकडे, या वेळांत रोग्याला घेऊन लोकलच्या वाटेला जाऊ नये. दुय्यम वर्गाच्या तिकिटावर चुकून पहिल्या वर्गात चढू नये, दंड होतो. प्रत्येक लोकलला दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो. रुग्णालयाचा दाखला जवळ असेल तर कॅन्सरच्या रुग्णालाही त्यात बसता येते. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

गावाहून येण्या-जाण्यातही सवलती आहेत, त्या सोडू नका. रेल्वेच्या शयनयान डब्यात, विहित नमुन्यातला दाखला दाखवून, कॅन्सरच्या रुग्णाला पूर्ण आणि सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. दाखल्याच्या आणि आधारच्या चार-चार प्रती पिशवीत असू द्याव्यात.

एक गोष्ट मात्र कुठल्या कागदात बसत नाही. शनिवार-रविवार उपचार नसत. पहिल्या रविवारी आम्ही खोलीत एकमेकांची तोंडे बघत बसलो. दुसऱ्या रविवारी मी वहिनींना टॅक्सीने दादरच्या चौपाटीवर नेले. ऊन उतरले होते. जन्मभर रानात राबलेल्या त्या बाईने समुद्र पहिल्यांदा पाहिला. "एवढं पाणी, आन् पिकाला उपेग न्हाई," म्हणून त्या हसल्या. शस्त्रक्रियेनंतर त्यांना मनापासून हसताना मी तेव्हा प्रथम पाहिले. रोग्याला झेपेल तेवढा असा एखादा फेरफटका डॉक्टरांना विचारून जरूर घडवावा. त्याला फार पैसे लागत नाहीत.

वहिनी आता घरी आहेत. ठरलेल्या मुदतीने तपासणीला जावे लागते, त्या वेळी एका रात्रीपुरती सोय पाहतो. परड्यात वाफे करतात, म्हशीच्या धारेला अजून हात लावू देत नाही. मात्र आमच्या त्या यादीच्या, कराराच्या मसुद्याच्या आणि पत्त्यांच्या प्रती काढून मी ग्रामपंचायतीत ठेवल्या आहेत. गेल्या काही महिन्यांत दोन घरांनी त्या नेल्या.

आपल्या गावातही कोणी असा महिना काढून परतला असेल. त्याच्याकडून ही माहिती लिहून घ्या आणि ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीच्या कपाटात ठेवा. बियाण्याची माहिती आपण जशी एकमेकांना देतो, तशी हीही द्यावी. कोणावर ही वेळ न येवो, हीच इच्छा. पण आलीच, तर घाबरून पहिल्या दलालाच्या हाती पैसे देऊ नका. आधी रुग्णालयाच्या दारापासून पावले मोजा.