इंजिन रुसत नाही

माणसे रुसतात, गाई रुसतात, पाऊसही रुसतो असे आपण म्हणतो. आणि त्याच सवयीने यंत्रालाही रुसवा चिकटवून मोकळे होतो. गाडी सुरू झाली नाही की "आज हिची मर्जी नाही" म्हणायचे, दोन लाथा मारायच्या आणि एखादा नारळ कबूल करायचा! यंत्राची समजूत घालण्याच्या या रीतीवर माझा विश्वास तसा बेताचाच होता. भीमाशंकरच्या डोंगरात आश्विनाचे आठ दिवस काढल्यावर तो पार उडाला.

माझी थोरली बहीण तिकडे असते. मंचरहून घोडेगाव, मग डिंभ्याचे धरण, घाट, तळेघर आणि त्याच्याही पुढे भीमाशंकरच्या रस्त्याला तिची वाडी. जूनपासून चार महिने इथे पाऊस असा लागून राहतो की, शेजारचे घर धुक्यात हाक मारूनच ओळखावे. भाताला आणि हिरड्याला हे हवामान मानवते, लोखंडाला नाही. दाजींची जावा मोटारसायकल त्यांच्यामागे सहा पावसाळे गोठ्यात उभी राहिली, आणि तिचे इंजिन आतून गंजून कायमचे जाम झाले.

ही जावा म्हणजे एक नामी चीज. चेकोस्लोव्हाकियातल्या जानेचेकने १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकली बनवायला घेतल्या आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव केले. आपल्याकडे ती १९६१ पासून म्हैसूरला तयार होऊ लागली. पुढे तिचीच येझदी झाली आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. नाव २०१८ मध्ये परत आले, पण या नव्या गाड्यांचे इंजिन निराळ्या जातीचे. जुन्या जावाला गिअरचा आणि किकचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की गिअरची किक झाली! दाजी त्या गाडीवर पाठीमागे आजारी माणूस बसवून घाट उतरत आणि त्याला घोडेगावच्या दवाखान्यात पोचवत. म्हणून अक्का ती भंगारात देईना, आणि डोळ्यांसमोरही नको म्हणे.

भाचा आयटीआय शिकलेला. त्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून कुठल्या तरी दुसऱ्या जावाचे इंजिन पोत्यात घालून आणले होते. त्याला रस्त्यावर दुरुस्तीचे दुकान टाकायचे होते. अक्काला तो चाकणच्या कारखान्यात लागायला हवा होता. "दिवाळीपर्यंत तुझ्या बापाची गाडी चालू करून दाखव," ती म्हणाली, "नाहीतर चाकण." मी पोचलो तेव्हा वसुबारसेला आठ दिवस उरले होते.

इंजिन चढवून झाले होते. ते सुरू मात्र होत नव्हते. वाडीने आपापले उपाय सुचवले. चौघांनी गाडी उतारावर ढकलली. ती उत्साहाने खाली गेली, आणि वर आणताना त्या चौघांपैकी तिघांना कामे आठवली.

भाच्याची रीत वेगळी होती. "मामा, ह्याला तीनच गोष्टी लागतात," तो म्हणाला. "ठिणगी, पेट्रोल आणि दाब. एकेकाला विचारायचं." त्याने प्लग काढून इंजिनाच्या डोक्यावर टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. सहा व्होल्टची बॅटरी नवी होती. दोष पॉइंटांचा निघाला. दमट हवेने त्यांच्यावर बुरा चढला होता. पॉलिश पेपरने घासताच निळी ठिणगी चट् करून उडाली. इंजिन मात्र गप्पच.

मग पेट्रोल. नळी सोडली तर क्षणभर धार, मग थेंब, मग काही नाही. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. कुंभारीण माशीने तिथे मातीचे घर बांधले होते. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. तेही साफ केले. इंजिन गप्पच.

प्लगच्या भोकावर अंगठा धरला तर दाब असा की अंगठा उडाला. तिन्ही साक्षीदार खरे बोलत होते, तरी निकाल लागेना! मी असतो तर इथे नारळ फोडला असता. भाचा मात्र प्लगकडे बघत बसला. इतक्या किका मारूनही तो कोरडा होता. कार्बुरेटरपर्यंत आलेले पेट्रोल वर पोचतच नव्हते.

या दुस्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी खालच्या पोटात, म्हणजे क्रँककेसमध्ये शिरतात. दट्ट्या वर जाताना त्यांना आत ओढतो आणि खाली येताना वर ढकलतो. हे पोट म्हणजे लोहाराचा भाताच. भात्याला भोक पडले तर लोहाराने कितीही जोर केला तरी विस्तव फुलायचा नाही. भाच्याने डायनामो उतरवला, दांड्याभोवतीच्या रबरी सीलवर साबणाचा फेस लावला आणि मला किक मारायला सांगितली. फेसातून फुगे आले. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनात सील वाळून चिरते. ती बोटभर रबराची कडी सगळ्यांना नाचवत होती!

दुसऱ्या दिवशी तो सील आणायला पुण्याला गेला आणि मी भीमाशंकरला. तिथे पोर्तुगिजांची एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या लुटीतली. परक्या मुलखात, परक्या देवासाठी ओतलेली; पण डोंगरात ती वाजली की कोणी तिचे गाव विचारत नाही. धातू टणक असावा आणि टांगणारा हात जाणता असावा, एवढेच तिला लागते. मला पोत्यातल्या इंजिनाची आठवण झाली.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी नवे सील बसले. तिसऱ्या किकेला इंजिन खोकले, पाचवीला पेटले. गोठा निळ्या धुराने भरला, म्हैस दावे ताणू लागली. अक्का पणत्या तशाच टाकून दारात आली आणि कान देऊन उभी राहिली.

"आवाज त्यांच्या गाडीचा नाही," ती म्हणाली. भाच्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात ती पुढे झाली, पदराने टाकीवरची धूळ पुसली आणि म्हणाली, "पण गाडी त्यांचीच आहे. सकाळी बाजाराला जा हिच्यावरून. आणि येताना त्या पाटी रंगवणाऱ्याला विचार, दुकानाच्या पाटीचं काय घेतो."