दुसरी प्रयोगशाळा

‘ओपनहायमर’ बघून आल्यावर माझ्या ओळखीतले सगळे पहिल्या बॉम्बबद्दल बोलत होते. मला प्रश्न पडला तो पुढचा. युद्ध संपलं, मग हे थांबलं का नाही?

दोन्ही देश एकमेकांना घाबरत होते, हे उत्तर खरंच आहे. पण वाचता वाचता मी अडकले ते १९५२ या सालापाशी. लॉस अलामॉस जोरात चालू असताना अमेरिकेने त्या वर्षी कॅलिफोर्नियात लिव्हरमोरला अण्वस्त्रांची दुसरी प्रयोगशाळा काढली. टेलर आणि लॉरेन्स यांचा आग्रह होता की लॉस अलामॉसला स्पर्धक हवा. म्हणजे देशाबाहेरची शर्यत कमी पडली म्हणून घरातही एक लावली!

लिव्हरमोरची पहिली चाचणी इतकी फसकी झाली की ज्या मनोऱ्यावर बॉम्ब ठेवला होता, त्याचा बराचसा भाग तसाच उभा राहिला. आता स्वतःला सिद्ध करणं आलंच.

माझी मावसबहीण एमएस्सी करतेय, एका संशोधन केंद्राच्या परीक्षेला बसणार आहे. ती म्हणाली, “ताई, शास्त्रज्ञ सरकार सांगेल तेच करतात ना?”

नेहमी नाही. १९५६ मध्ये अमेरिकी नौदल अवजड ज्युपिटर क्षेपणास्त्राशी झटत होतं. टेलरने सांगितलं, काही वर्षांत आम्ही याहून खूप हलकं अण्वस्त्र देतो. १९६० मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रं घेऊन पाणबुडी गस्तीला निघाली.

रशियातही तेच. सारोव्हचं मठाचं गाव नकाशावरून पुसून १९४६ मध्ये तिथे अर्झामास-१६ उभं राहिलं. १९५५ मध्ये उरल भागात दुसरं केंद्र आलं. १९६१ च्या जुलैत अर्झामासच्या सखारोव्हने ख्रुश्चेव्हला चिठ्ठी दिली, चाचण्या पुन्हा सुरू करू नका. ख्रुश्चेव्हने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. ऑक्टोबरमध्ये ५० मेगाटनचा बॉम्ब फुटला. तो बनवणाऱ्यांत सखारोव्हही होता.

बहिणीला मी जाऊ नको म्हणणार नाही. फक्त एवढंच सांगेन, तिथे गेलीस की विचार, इथलं काम संपलं हे कोण ठरवतं?

शीतयुद्ध संपून तीसहून जास्त वर्षं झाली. ती चारही केंद्रं आजही सुरू आहेत.