सुट्या भागांचं चित्र

मिलान, मंगळवार

ती. आईस सा. न.

इथल्या आंब्रोसियाना ग्रंथालयात लिओनार्दो दा विंचीच्या कागदांचा सर्वांत मोठा संग्रह आहे, 'कोडेक्स अॅटलांटिकस'. १,११९ पानं, १४७८ ते १५१९ या काळातली. नेपोलियनच्या फौजेनं १७९६ मध्ये ती पॅरिसला नेली होती. त्याच्या पाडावानंतर परत आली.

त्यातल्या एका पानावर वजन उचलायचं यंत्र आहे. डावीकडे जोडलेलं, उजवीकडे तेच सुटं केलेलं. चाकं, दाते, आस, सगळं एका ओळीत मांडलेलं. काय कशात बसतं ते बघताक्षणी कळतं. आपल्या मिक्सरच्या माहितीपुस्तिकेतली चित्रं याच कुळातली! भोवतीचा मजकूर मात्र आरशात धरूनच वाचावा लागतो. लिओनार्दो डावखुरा होता, उजवीकडून डावीकडे लिहिलं की ओल्या शाईवर हात फिरत नाही. गुप्त लिपीच्या कथांपेक्षा हे कारण जास्त पटतं.

सेसी, शुक्रवार

ती. आईस,

जिनिव्हाजवळच्या या फ्रेंच गावाखाली, सुमारे १०० मीटर खोल, सर्न या संस्थेचा सीएमएस नावाचा कणशोधक आहे. लांबी २१ मीटर, उंची १५, वजन १४,००० टन. तो चालू असताना त्या गुहेत माणसाला जाता येत नाही.

सेर्जो चित्तोलिन या इटालियन भौतिकशास्त्रज्ञानं त्याची चित्रं काढली ती थेट लिओनार्दोच्या धाटणीत: जुन्या कागदाचा रंग, तपकिरी रेघा, कडेला उलटी अक्षरं. ही नुसती हौसेची नक्कल वाटत नाही. या यंत्रात सेकंदाला चार कोटी वेळा प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांना छेदतात. त्यातल्या कोणत्या टकरींची नोंद ठेवायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेवर चित्तोलिन यांनी काम केलं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न चित्रकाराच्या हातालाही पडतोच. छायाचित्रात तारा आणि नळ्यांचं जंगल दिसतं. रेघ मात्र नेमका एक थर उचलून समोर धरते.

शिवाय हे यंत्र जन्मलंच सुट्या भागांच्या चित्रासारखं. जमिनीवर त्याच्या १५ चकत्या तयार झाल्या आणि एकेक करून खाली सोडल्या गेल्या. सर्वांत जड चकती सुमारे २,००० टनांची. फेब्रुवारी २००७ मध्ये ती उतरवायला जवळजवळ दहा तास लागले. आत सिलिकॉनचे थर, त्याबाहेर शिसं-टंगस्टनचे ७५,००० हून अधिक स्फटिक, मग पितळ. त्यातलं काही पितळ रशियन नौदलाच्या जुन्या तोफगोळ्यांच्या पुंगळ्या वितळवून मिळवलेलं आहे. त्याबाहेर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या लाखपट जोराचा चुंबक.

त्या चुंबकाच्या बाहेर आणखी एक थर आहे, चकाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या फरश्यांचा. आतून निसटलेल्या कणांची ऊर्जा तिथे पकडली जाते. तो थर घडवण्यात मोठा वाटा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, नेव्हीनगरच्या बस थांब्यापाशी आहे ना, तीच.

कळावे,
तुझी लेक