अब्बा आणि फुग्यांची बंदूक

अब्बा सोनपेठला शिलाई मशीन दुरुस्त करायचे. उरूस-जत्रांचे दिवस जवळ आले, की फुग्यांवर नेम धरायला लावणारा एक गाडीवाला आपली बंदूक घेऊन यायचा. नळी मोडून भरायची, छर्ऱ्याची बंदूक. फुगा फोडण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. तरी अब्बा मला ती कधी हातात घेऊन रस्त्याने जाऊ देत नसत. नळी वेगळी, दस्ता वेगळा, दोन्ही पोत्यात. "खिलौना है तो क्या हुआ, देखनेवाले कू बंदूकच दिखती," असं म्हणायचे. आपलं नाव काय आहे, हे ते बोलत नसत. मला ते खूप नंतर कळलं.

दुरुस्ती मात्र बघण्यासारखी. नळी मोडताना आतली स्प्रिंग दबते आणि पिस्टन मागे जाऊन खाचेत अडकतो. चाप ओढला की खाच सुटते आणि पिस्टनपुढची दाबलेली हवा छर्रा ढकलते. पिस्टनच्या तोंडाला चामड्याचा वॉशर असतो. तो वाळला की हवा गळते, छर्रा फुग्यापर्यंत जेमतेम पोचतो. अब्बा नवा वॉशर कापून रात्रभर तेलात ठेवायचे. चाप जड असेल तर खाचेला फक्त पॉलिश पेपर मारायचे, कानस कधीच नाही. कोपरा झिजला की बंदूक नुसत्या धक्क्याने सुटते, आणि समोर पोरं उभी असतात.

मग नेम. नळीच्या टोकाची माशी उजवीकडे वाकलेली होती. माशी उजवीकडे, तर छर्रा डावीकडे. अब्बांनी ती सरळ केली, भिंतीवर कागद लावून पाच छर्रे मारले. पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले.

गाडीवाल्याचा चेहरा उतरला. "चाचा, इत्ती सीधी नक्को करो. बच्चे क्या खाएंगे मेरे?"

त्याचंही खोटं नव्हतं. दहा छर्ऱ्यांत दहा फुगे फुटले तर इनामात धंदा बुडणार. अब्बा म्हणाले, "टेढ़ी तू कर. मेरे हाथ से नहीं होती." मजुरी घेतली, पण निम्मीच.

२०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा मी टीव्हीसमोर होतो. तिथे दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. त्या रायफलींचा नेम स्क्रूच्या एकेका टिचकीने सरकवतात. अब्बांना ते दाखवायला हवं होतं, असं सारखं वाटत राहिलं.

त्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही परभणीला तुराबुल हक साहेबांच्या उरुसाला गेलो होतो. गर्दीत तोच गाडा. माशी पुन्हा उजवीकडे वाकलेली. अब्बांनी पैसे दिले, बंदूक घेतली. मला लाल फुगा हवा होता. त्यांनी त्याच्या उजवीकडच्या पिवळ्यावर नेम धरला आणि लाल फोडला. गाडीवाला पोट धरून हसला. दुसऱ्या छर्ऱ्याचे पैसे त्याने घेतले नाहीत.