अंग टाकायचं नाही

बारावीच्या सुट्टीत अण्णांनी मला तळजाईच्या पठारावर रिक्षा शिकवली. तोवर मी सायकलच चालवलेली. वळण आलं की अंग आपसूक आत झुकायचं. मागच्या सीटवरून अण्णा ओरडले, "अंग टाकू नकोस! ही झुकत नाही. हँडल वळव फक्त."

त्या काळ्या-पिवळ्या रिक्षाचं हँडल स्कूटरचं होतं, क्लच आणि गिअर डाव्या मुठीत. पण ब्रेक मोटारीसारखा पायाखाली, रिव्हर्सही होता. आणि मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल, कारण वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांबचा पल्ला काटावा लागतो. स्कूटरला त्याची गरजच नाही. अण्णांचा सगळ्यात कडक नियम वेगाचा: वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. दाबला की भार पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यावर जातो, आणि तिथं चाकच नसतं.

आमच्या वाड्यात एकांकडे साइडकारची स्कूटर होती. तिलाही तीनच चाकं. पुढे मोटार वाहन कायदा, 1988 वाचला, तर सुटी करता येणारी साइडकार जोडली तरी ती मोटारसायकलच. रिक्षा मात्र 'मोटर कॅब'च्या व्याख्येत बसते: भाड्यानं सहापर्यंत प्रवासी नेणारं वाहन. चाकं किती, हे त्या व्याख्येत विचारलेलंच नाही. साइडकारबाबत माझं कायद्याशी पटत नाही. जी वळणावर झुकते ती मोटारसायकल, झुकत नाही ती मोटार, असं मी तळजाईवर शिकलो आणि अजून तेच धरून आहे.

पुढे आम्ही सोसायटीत राहायला गेलो. तिथल्या पार्किंगमध्ये दोनच प्रकारचे पट्टे आखलेले, दुचाकी आणि चारचाकी. अण्णांनी कितीतरी वर्षं रिक्षा फाटकाबाहेर लावली. पावसाळ्यात ते रात्री उठून हूड बघायला जायचे. मला ते अजून लागतं.

मुलगी नोकरीसाठी जर्मनीत गेली, तेव्हा तिच्याबरोबर म्युनिकच्या डॉयचेस म्युझियममध्ये गेलो. तिथं कार्ल बेंझची 1886 सालची गाडी आहे. जगातली पहिली मोटार म्हणतात ती हीच, आणि तिला चाकं तीन! पुढे एक, मागे दोन. सायकलीसारख्या तारांची चाकं, नळ्यांची चौकट, स्टिअरिंगच्या जागी उभ्या दांड्यावर एक लहानशी मूठ. पुढची दोन चाकं एकत्र नीट वळवायची कशी, हे बेंझला तेव्हा सुटलं नव्हतं. 1893 साली सुटलं, मग त्याच्या गाड्यांना चौथं चाक आलं. मी वाकून मागं पाहत राहिलो. डिफरन्शियल तिलाही आहे. सगळ्या मोटारींची आजी अण्णांच्या रिक्षाच्या घडणीची निघाली, या आनंदानं माझे डोळे भरून आले.

तिथूनच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. परमिट सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. फोन डोळ्यांजवळ धरून ते पुढचं चाक बराच वेळ न्याहाळत होते.

"पळते किती?"

"ताशी सोळा किलोमीटर."

"मग वळेल नीट," अण्णा म्हणाले.